मोकळ्या रानातली साखर

एप्रिल उजाडला की माळेगाव बुद्रुकच्या परिसरात एक वेगळीच शांतता पसरते. शिवनगरच्या कारखान्याचे गाळप संपलेले असते. रात्रंदिवस चालणारी उसाच्या ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची वर्दळ थांबते. पाच-सहा महिने उभ्या असलेल्या कोप्या मोडल्या जातात. बीड, अहिल्यानगरकडून आलेली ऊसतोड कुटुंबे भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरेबाळे घेऊन परतीच्या वाटेला लागतात. मग बागायतदारालाही जरा उसंत मिळते. कुणी देवदर्शनाला जातो, कुणी पाहुण्यांकडे जातो आणि अलीकडे कुणी कुणी युरोपलाही जातो.

यात आता नवल राहिलेले नाही. राज्याच्या कृषी विभागातर्फे शेतकऱ्यांचे परदेश अभ्यास दौरे निघतात. सहल कंपन्या आहेतच. एप्रिल-मे हा आपल्याकडे मुलांच्या सुट्टीचा काळ आणि तिकडे वसंत ऋतूचा. त्यामुळे दोन्ही गोष्टी छान जुळतात. सहलीहून परतलेली मंडळी ट्युलिपच्या बागांचे, बर्फाच्या डोंगरांचे फोटो हौसेने दाखवतात. पण त्यांना विचारावे, 'तिकडची शेती कशी काय वाटली?' तर बहुधा उत्तर येते, 'लांबच लांब मोकळी रानं होती. काही पेरलेलं दिसलं नाही.'

ही मोकळी रानेच आपण आज पाहणार आहोत. कारण त्यांतल्या काही रानांत नुकतीच साखर पेरलेली असते. आपण साखर उसापासून करतो, ते बीटापासून करतात. कोशिंबिरीतल्या लाल बीटाचा हा पांढरा, जाडजूड भाऊ. माळेगावात उसाचा हंगाम आटोपतो, त्याच सुमारास तिकडे बीटाची पेरणी चाललेली असते. एकाच धंद्यातली ही दोन गावे एकमेकांना ओळखत नाहीत, एवढेच.

चला तर, ॲमस्टरडॅमहून निघू. नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स आणि शेवटी स्वित्झर्लंड असा साधारण हजार किलोमीटरचा रस्ता आहे. म्हणजे पुण्याहून नागपूर गाठून पुढे आणखी अडीच-तीनशे किलोमीटर. तेवढ्यात पाच देश होतात. या पाचही देशांना मिळून एकच व्हिसा चालतो, त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. शेंगेन हे लक्झेंबर्गमधले छोटेसे गाव. तिथे १९८५ साली करार झाला आणि १९९५ पासून सभासद देशांमधल्या सीमांवरची नेहमीची तपासणी उठली. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, तरी २००८ पासून या व्यवस्थेत आहे. अलीकडे काही देशांनी सीमेवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आहे, म्हणून पासपोर्ट पेटीत न ठेवता खिशात ठेवावा.

स्वतः गाडी चालवायची असेल तर आपल्या आरटीओ कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घेऊन जावा. तो एक वर्ष चालतो. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात. सरळ रस्त्यावर ते सवयीचे होते, पण डावीकडे वळताना आणि चौकातल्या गोलाला वळसा घालताना पहिले दोन दिवस डोके शांत ठेवावे लागते. बसने गेलात तर ही चिंता नाही. बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला एरवी नऊ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही आणि गाडीतले यंत्र याची नोंद ठेवत असते. म्हणून सहलीची बस हमरस्त्यावरच्या थांब्यांवर वेळेवर थांबते. आपली मंडळी तेव्हा चहा शोधतात. तसे न करता थांब्याच्या कुंपणापाशी जाऊन पलीकडच्या शेताकडे पाहावे. एप्रिल अखेरीस संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे पाहायला वेळ भरपूर मिळतो.

पहिला मुक्काम अर्थातच ट्युलिपचा. ॲमस्टरडॅमजवळ लिसे गावी कोइकेनहोफ ही बाग आहे. ती वर्षातून फक्त आठेक आठवडे, मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उघडी असते. बागेबाहेरही ट्युलिपची शेते असतात आणि तिथे एक दृश्य पाहून आपला माणूस हळहळतो. ऐन बहरातली फुले यंत्राने छाटून टाकत असतात. याचे कारण असे, की या शेतांत फूल हा माल नसतोच. जमिनीतला कांदा हा माल असतो. फूल छाटले की झाडाची ताकद कांद्यात उतरते. वर दिसते ते पीक नव्हे, खाली वाढते ते पीक, ही खूणगाठ इथेच बांधून ठेवू.

लिसेहून दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर डिंटेलोर्ट नावाचे गाव आहे. समुद्र हटवून मिळवलेली काळी-करडी चिकण जमीन, सपाट रान आणि मध्ये साखर कारखाना. हा कारखाना सहकारी आहे, हे ऐकून माळेगावकरांना बरे वाटेल. कोसुन ही त्याची मालक संस्था शेतकरी सभासदांची आहे. तिची मुळे १८९९ साली सास फान खेंट या गावात सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्यात आहेत. आपल्याकडे प्रवरानगरचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. म्हणजे ते आपल्या पन्नास वर्षे पुढे होते.

इथे मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत बीट पेरतात. दोन ओळींत साधारण दीड फूट अंतर, ओळीतल्या दोन बियांमध्ये वीतभर अंतर, आणि बी मातीत जेमतेम बोटाच्या पेराएवढे खोल. एकरी चाळीस हजारांच्या आसपास बिया पडतात. पेरणीची वेळ साधणे हे यातले कसब आहे. बीट हे मुळात दोन वर्षांचे झाड आहे. पहिल्या वर्षी ते मुळात साखर साठवते आणि दुसऱ्या वर्षी ती साखर खर्चून फुलावर येते. फार लवकर पेरले आणि थंडी लांबली, तर रोपाला वाटते हिवाळा होऊन गेला, आणि ते पहिल्याच वर्षी तुऱ्यावर येते. साखर मग देठात आणि फुलात जाते. पेरणीला उशीर झाला तर वेगळे नुकसान होते. २१ जूनच्या सुमारास दिवस सर्वांत मोठा असतो. तोवर पानांनी सगळी जमीन झाकली गेली नाही, तर तेवढे ऊन वाया जाते. आपण आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू अशा तीन लागणींचा हिशेब मांडतो. त्यांना वसंतातले तीन-चार आठवडे मिळतात, त्यातच सारे बसवावे लागते.

आता साखरेचा हिशेब पाहू. नेदरलँड्समध्ये एकरी तीसहून अधिक टन बीट येते आणि त्यात सोळा-सतरा टक्के साखर असते. म्हणजे एकरी पाच टन साखर धरा. आपल्याकडच्या चांगल्या शेतकऱ्याने एकरी पन्नास टन ऊस काढला आणि उतारा अकरा टक्के पडला, तर साडेपाच टन साखर होते. शेतातली साखर आणि कारखान्यात हाती लागलेली साखर यांत थोडा फरक असतो, तरी अंदाज यायला एवढे पुरे. तुलनेत आपण मागे नाही. फरक आहे तो काळाचा आणि पाण्याचा. त्यांचे पीक सहा-आठ महिन्यांत निघते, आपले बारा ते अठरा महिने रानात असते. त्यांच्याकडे पाऊस वर्षभर विभागून पडतो. आपण पर्जन्यछायेत राहतो आणि नीरा डाव्या कालव्यावर विसंबतो. शिवाय ते एकाच रानात लागोपाठ बीट घेत नाहीत. मध्ये गहू, बटाटा अशी पिके घेऊन तीन-चार वर्षांनीच त्या रानात पुन्हा बीट येते. उसावर ऊस आणि पाण्यावर पाणी देऊन क्षारपड झालेल्या जमिनी ज्यांनी नीरा खोऱ्यात पाहिल्या आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मग आपणही बीटच का लावू नये, असा प्रश्न कुणी विचारील. तो विचारून झालेला आहे. उष्ण हवेत येणाऱ्या बीटाचे प्रयोग २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात झाले. आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात कळस येथे त्यासाठी प्रकल्पही उभा राहिला होता. पण हे पीक इथे रुजले नाही. तेव्हा युरोपातून बियाणे नव्हे, दुसरे काहीतरी आणायला हवे. ते काय, हे पुढच्या देशात दिसते.

डिंटेलोर्टहून निघालो की अर्ध्या तासात बेल्जियमची हद्द लागते. फलक बदलतो, बाकी काही नाही. ब्रुसेल्सच्या पूर्वेला तिनेन नावाचे गाव आहे. साखरेचे गाव म्हणून ते त्या देशात प्रसिद्ध आहे. एप्रिलमध्ये तिथले गाळपही आपल्यासारखेच बंद असते. त्यांचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होऊन जानेवारीच्या आसपास संपतो. पण हंगामात तिथे काय होते ते समजून घेण्यासारखे आहे.

बीट मातीतून निघते, त्यामुळे गाडीबरोबर मातीही येते. म्हणून आलेल्या मालातून यंत्राने नमुना काढतात. तो धुऊन मातीचे वजन वजा करतात. मग बीटाचा कीस करून त्यातली साखर मोजतात. हा निकाल त्या शेतकऱ्याच्या नावावर जमा होतो आणि त्याचे पैसे त्याच्याच साखरेप्रमाणे ठरतात. शेजाऱ्याच्या बीटात किती साखर निघाली, याचा त्याच्या बिलाशी संबंध नसतो. आणखी एक गोष्ट. नमुना तपासला जातो तिथे शेतकरी संघटनेचा माणूस देखरेखीला असतो. कारखाना कितीही विश्वासाचा असला, तरी मापाजवळ दोन्ही बाजूंचे डोळे असावेत, असे तिथे मानतात.

आपल्याकडची पद्धत वेगळी आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेली रास्त आणि किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये होती. उतारा वाढला की दर वाढतो. पण हा उतारा तुमच्या उसाचा नसतो, साऱ्या कारखान्याचा सरासरी असतो. तुम्ही चांगले बेणे आणले, खत-पाणी बेताचे दिले, ऊस पक्व होईपर्यंत थांबलात आणि त्यात साखर जास्त भरली, तरी तुम्हाला भाव सरासरीचाच मिळतो. ज्याने वजन वाढवण्यासाठी तोडणीच्या तोंडावर रान भरपूर भिजवले, त्यालाही तोच भाव. वजनाला पैसे मिळतात म्हटल्यावर माणूस वजनच वाढवणार आणि वजन वाढवण्याचा सोपा मार्ग पाणी. कालव्याचे पाणी का पुरत नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा या बिलाच्या कागदात आहे.

बीटाचे ठीक, उसात असे मोजमाप जमणार नाही, असे कुणाला वाटेल. पण ऑस्ट्रेलियात प्रत्येक उत्पादकाच्या उसातली साखर मोजून पैसे देतात. ब्राझीलमध्येही उसाचा भाव त्यातल्या साखरेवर ठरतो. आपल्या अडचणी खऱ्या आहेत. वीस-तीस गुंठ्यांचे तुकडे, लहान लहान खेपा, बैलगाडीने येणारा ऊस आणि तपासणीचा खर्च. पण अडचण आहे म्हणणे वेगळे आणि अशक्य आहे म्हणणे वेगळे.

तिनेनहून दीडशे किलोमीटरवर जर्मनीतले कोलोन. तिथून ऱ्हाईन नदीच्या काठाकाठाने आपण दक्षिणेला निघतो. हमरस्त्याच्या बऱ्याच भागावर वेगाची सक्तीची मर्यादा नाही, ताशी १३० किलोमीटर हा फक्त सल्ला आहे. शिस्त मात्र आहे. वाहने तुंबली की सगळे चालक आपोआप बाजूला सरकून रुग्णवाहिकेसाठी मधला पट्टा मोकळा ठेवतात. आजूबाजूला मोहरीच्या जातीच्या पिकाचे पिवळेधमक पट्टे दिसतात आणि त्यांच्या शेजारी ती मोकळी राने. त्यांत एक माणूसही दिसत नाही.

हे पाहून आपण म्हणतो, 'यांचं सगळं यंत्रावर!' पण हे रान नेहमीच असे रिकामे नव्हते. बीटात साखर आहे, हे १७४७ साली बर्लिनमध्ये मार्कग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले. त्याचा शिष्य आखार्ड याने पहिला कारखाना काढला. पुढे नेपोलियनच्या लढायांत उसाची साखर समुद्रमार्गे येईना, तेव्हा बीटाला राजाश्रय मिळाला. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या सॅक्सनी भागात बीटाची शेते पसरली आणि त्या शेतांत राबायला दरवर्षी वसंतात पूर्वेकडच्या गरीब गावांतून माणसे येऊ लागली. बायका आणि तरुण मुली त्यांत पुष्कळ असत. त्यांना 'सॅक्सनीला जाणारे' असेच नाव पडले होते. मुकादमासारखा मध्यस्थ, करारावरचे काम, राहायला कशाबशा जागा, हंगाम संपला की परत. ऊसतोड कामगारांची गोष्ट ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वर्णन परके वाटणार नाही.

या माणसांना इतके काम का होते? कारण बीटाच्या एका बियेच्या गाठीतून तीन-चार रोपे उगवत. त्यांतले एकच ठेवून बाकीची हाताने उपटावी लागत. एकरामागे हजारो रोपे, वाकून, गुडघ्यांवर रांगत. यंत्राला हे काम जमत नव्हते. १९४८ साली अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या एका बियाण्याच्या शेतात, साविट्स्की या युक्रेनमधून आलेल्या संशोधकाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी अशी झाडे सापडली, ज्यांच्या बियेतून एकच रोप येत होते. त्यांच्यापासून नवे बियाणे तयार झाले. त्यानंतर पेरणी यंत्राने नेमक्या अंतरावर होऊ लागली आणि विरळणीचे काम संपले. आधी बी बदलले, मग यंत्र रानात चालू लागले.

यंत्र घ्यायचे तर छोट्या शेतकऱ्याने कसे घ्यावे, यालाही जर्मनीत एक उत्तर निघाले. १९५८ साली बव्हेरियात शेतकऱ्यांचे पहिले यंत्रमंडळ सुरू झाले. एकमेकांची यंत्रे ठरलेल्या भाड्याने वापरायची, अशी ती साधी कल्पना. ती देशभर पसरली. बीट काढणारे महागडे यंत्र प्रत्येकाच्या दारात नसते. ते ठरलेल्या क्रमाने गावोगाव फिरते.

आपल्याकडेही ऊस तोडणारी यंत्रे आली आहेत, सरकारी अनुदानही मिळते. पण यंत्राला चार-पाच फुटांची सरी लागते, वळायला जागा लागते आणि सलग रान लागते. तयारी रानाची करावी लागते, ती नुसत्या यंत्राच्या खरेदीने होत नाही. आणि एक प्रश्न बीटापेक्षा आपल्याकडे अवघड आहे. जर्मनीत शेतातली माणसे कमी झाली, तेव्हा कारखानदारी वाढत होती आणि हातांना दुसरे काम मिळत होते. आपल्या कोयत्याच्या जोडीला उचल फेडल्यावर दुसरे काय काम आहे? यंत्राचा विचार करताना पाटोदा-आष्टीकडच्या घरांचाही विचार करावा लागेल. त्यांची मुले हंगामात साखरशाळेत बसली काय किंवा कोपीपुढे धाकटे भावंड सांभाळत बसली काय, त्यांची साखर आपल्या हिशेबात कुठेच येत नाही.

वर्म्सच्या पुढे सीमा ओलांडून आपण फ्रान्सच्या अल्सास भागात येतो. स्ट्रासबुर्गच्या दक्षिणेला एर्स्टेन येथे साखर कारखाना आहे. तिकडे सारे आलबेल आहे, हा समज इथे उतरतो. युरोपीय संघात किती साखर करायची याचे कोटे ठरलेले होते. ते २०१७ साली उठले. उत्पादन वाढले, भाव कोसळले आणि जर्मनी-फ्रान्समधले अनेक कारखाने कायमचे बंद झाले. २०२० साली माव्याने पसरवलेल्या पिवळ्या रोगाने फ्रान्सचे पीक झोडपले. २०२१ च्या एप्रिलमध्ये कडाक्याचे दव गोठले आणि नुकतीच उगवलेली रोपे गेली. हजारो हेक्टर बीट पुन्हा पेरावे लागले. आपल्याला अवकाळी गारपीट, त्यांना अवकाळी गोठण. त्यांचा वसंतही काळजीचाच असतो.

शेवटचा टप्पा स्वित्झर्लंड. हमरस्त्यावर गाडी घालण्यापूर्वी वर्षाचा ४० फ्रँकचा पास घ्यावा लागतो आणि युरोऐवजी फ्रँक मोजावे लागतात. आपली मंडळी इथे बर्फाकडे धावतात. वाटेत आरबर्ग आहे. देशातल्या दोन साखर कारखान्यांपैकी एक तिथे आहे. इथली शेते डच शेतांपेक्षा लहान, डोंगराच्या कुशीत बसलेली. बीट लावणाऱ्याला सरकार दर हेक्टरी मदत देते, कारण आपल्या देशाची थोडी साखर आपल्याच देशात व्हावी, असे लोकांनी ठरवले आहे. पण मदत घेणाऱ्या या शेतकऱ्याच्या बीटाचाही नमुना निघतो आणि त्याची साखर मोजली जाते.

तेव्हा या वसंतात कुणी त्या रस्त्याने जाणार असेल, तर ट्युलिप जरूर पाहा, बर्फात जरूर खेळा. पण बस थांब्यावर थांबली की दहा मिनिटे त्या मोकळ्या रानापाशी उभे राहा. आणि वाटेत कुणी बीट लावणारा भेटला, तर त्याला त्याचे मागच्या हंगामाचे बिल दाखवायला सांगा. त्यात वजन, माती आणि साखर हे तीन आकडे वेगवेगळे असतील आणि तिन्ही त्याचे स्वतःचे असतील.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिवनगरच्या गव्हाणीत पुन्हा मोळी पडेल. तेव्हा वार्षिक सभेत उठून एवढे विचारले, की 'माझ्या उसात साखर किती होती?', तरी युरोपच्या सहलीचा खर्च वसूल झाला म्हणायचे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)